दोरीखालची जागा

आमच्या गावच्या चावडीची मागची भिंत लांबलचक आहे. मातीची, शेणमातीने लिंपलेली. कारंज्याकडून शेलूबाजारला जाणाऱ्या वाटेवरून गावात वळलं की आधी तीच दिसते. पोळ्याचं तोरण तिच्यासमोर बांधतात, म्हणून पोळ्याच्या आदल्या दिवशी तिच्यावर बैल काढतात. ज्या घरी जोडी आहे त्या घराची एक जोडी. पाटलांची सगळ्यांत पुढे, तोरणाजवळ, आणि मग एकेकाची मागे मागे, थेट लिंबाच्या झाडापर्यंत.

अमरावतीला कॉलेजात एकदा तासाला लेण्यांमधल्या चित्रांबद्दल बोलणं निघालं. मला आमची भिंत आठवली. सांगावंसं वाटलं, पण आमच्या बैलांना चित्र म्हणावं की नाही याची खात्री वाटेना, म्हणून गप्प बसलो. ते इथे लिहून पाहतो आहे. आमच्या घरात लिहिणारा मी पहिलाच. काय आधी सांगायचं आणि काय मागून, हे मला नीट कळतंच असं नाही.

आधी भिंतीचंच सांगतो. तिचं लिंपण वेशीबाहेरच्या वस्तीतल्या बाया करतात. गावच्या भिंतींची डागडुजी त्यांनीच करायची, असं पूर्वीपासून आहे. त्या माती मळतात, शेण कालवतात, तळहाताने लिंपत लिंपत या टोकापासून त्या टोकापर्यंत जातात आणि काम झालं की हात धुवून निघून जातात. लिंपण सुकलं की गावातल्या बाया चुन्याचा पातळ हात फिरवतात आणि गेरू घेऊन बसतात. लिंपणाऱ्या बायांच्या घरी बैल नसतात. त्यामुळे त्यांनी थांबायचं काही कारण नाही, असं सगळे धरून चालतात. मीही तसंच धरून चाललो होतो.

बैल काढायची सुरुवात दोरीने होते. सुताची दोरी गेरूत बुडवायची, दोघींनी दोन टोकं धरून भिंतीवर ताणायची आणि तिसरीने मध्ये चिमटीत धरून सोडायची. फटकन आवाज होतो आणि तांबडी रेघ उमटते. असं सरकत सरकत भिंतभर एकच रेघ करायची. ती रेघ म्हणजे सगळ्या बैलांचं जू. मग तिच्याखाली ज्याचे त्याचे बैल. रेघ कुठे तुटली तर गावाला वर्ष वाईट जातं म्हणतात. आणि एकदा काढलेलं पुसायचं नाही. पावसाने जाईल तेव्हा जाईल.

या भिंतीवरच्या जागेला आमच्याकडे फार अर्थ आहे. गावाच्या वरच्या अंगाला नाल्यावर दगडांचा बांध आहे, त्यातून पाट निघतो. पाटाच्या पाण्याची पाळी भिंतीवरच्या क्रमाने लागते. वाचता कोणाला येत नाही, पण आपले बैल कोणाच्या मागे आहेत हे प्रत्येकाला ठाऊक असतं. ज्यांचे बैल भिंतीवर नाहीत त्यांची पाळी सगळ्यांच्या शेवटी, आणि शेवटी पाणी पोचत नाही, नुसता चिखल पोचतो. आम्ही वांगी-मिरची लावणारी माणसं. आठवड्याच्या बाजाराला आमची बैलबंडी कारंज्याला जायची. आमची जागा भिंतीच्या मध्यावर, जिथे भिंतीला थोडं पोट आलं आहे, तिथे होती. पाणी आम्हाला पुरायचं.

त्या वर्षी उन्हाळ्यात वडील वारले. ताप आला तो उतरला नाही. सांगावा मला उशिरा पोचला. मी आलो तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. आईने पाणी दिलं, मी प्यालो. लोक भेटायला यायचे, मी रडेन म्हणून थोडं थांबायचे आणि जायचे. मला रडू आलं नाही. आईही रडताना मला दिसली नाही. वडिलांची बैल हाकायची तुतारी छपरात खोचलेली होती, ती तिथेच राहिली. सुट्टी संपली तसा मी अमरावतीला परत गेलो.

आषाढात जोडीतला एक बैल घटसर्पाने मेला. एकट्या बैलाला काम नसतं, म्हणून दुसरा आईने मामाकडे पाठवून दिला. हे मला पोळ्यासाठी घरी आलो तेव्हा कळलं. वसतिगृहात तेव्हा विलायतेत लढाई लागल्याचं बोलणं चालू होतं. मी मूर्तिजापूरहून छोट्या आगगाडीने कारंज्याला उतरलो आणि चालत गावी आलो. गोठा झाडून सारवून ठेवलेला होता. मी त्यात जाऊन उभा राहिलो. गोठा इतका स्वच्छ कधी पाहिला नव्हता, एवढंच मनात आलं. दुसरं काही आलं नाही.

त्याच संध्याकाळी काका आले. वडिलांचे धाकटे भाऊ. ओसरीवर बसले, पान जुळवलं आणि आईला म्हणाले,

“वैनी, जागा खाली नाई ठेवता येत. भिंतीले भोक पडल्यावाणी दिसते.”

“मंग?”

“माही दुसरी जोडी हाय ना. यंदाच आणली. तिले भिंतीवर जागा नाई. तुमच्या जागी काढून घेऊ. घरचीच गोष्ट हाय.”

“अन् पाण्याची पाळी?”

“ते बी घरचंच. उरलंसुरलं देईनच मी.”

आई भाकरी थापत होती. “उरलंसुरलं,” एवढंच म्हणाली.

काका माझ्याकडे वळले. “तू सांग ना गा. तू शिकून राह्यला. आता घरातला माणूस तूच.”

“आई म्हणेल ते,” मी म्हणालो.

“हेच शिकवतात काय तुमच्या कॉलेजात?” काका हसले. ते वाईट माणूस नाहीत. वडिलांना खांदा द्यायला पहिले तेच पुढे झाले होते असं आई सांगते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई मला घेऊन चावडीवर गेली. पाटील म्हातारे आहेत, खाटेवर बसून दात कोरत होते. काका आधीच येऊन बसले होते. आई पदर ओढून उंबऱ्याबाहेर उभी राहिली.

“पाटील, भिंतीचा नियम काय हाय?”

“आता तुले मी सांगू? इतके साल तूच त काढून राह्यली. ज्या जोडीनं यंदा वावर ओढलं ते जोडी भिंतीवर.”

“मेलेली चालत नाई.”

“मेल्याले पाणी कायले?”

“माह्या वावरात जिनं डवरं ओढलं ते जोडी जित्ती हाय. ते काढू काय?”

पाटलांनी तिच्याकडे पाहिलं. “कोणाची आणली होती?”

“मजुरीनं.”

“काढ मंग. खोटं नको काढू म्हणजे झालं.”

काका म्हणाले, “कोणती जोडी वं? मी त नाई पाह्यली.”

“तुमी तुमच्या वावरात होते,” आई म्हणाली.

परतताना मी तिला विचारलं. तिने चालता चालता सांगितलं. बैल गेला आणि पाऊस उघडला. मिरचीत गवत माजलं. बैलांनी डवरं ओढून ते काढलं नाही तर पीक हातचं जाणार, आणि वाफसा आल्यामुळे ज्याचे त्याचे बैल ज्याच्या त्याच्या वावरात. निंदणाला वेशीबाहेरच्या वस्तीतलं एक नवरा-बायकोचं जोडपं येत होतं. त्यातली बाई म्हणाली, बैल नाही तर आम्ही ओढतो. खांद्यावर फडकं ठेवून त्यावरून दोर घेतला आणि दोघं पुढे वाकली. आईने मागून डवरं धरलं. असं सगळं वावर झालं.

“मले पाहावत नवतं,” आई म्हणाली. “पण मिरची वाचली.”

दुपारी बाया भिंतीशी जमल्या. दोरीची रेघ मारून झाली. आईचा हात चांगला आहे, त्यामुळे आपल्या घरचे काढण्याआधी ती चार घरचे बैल काढून देते. मी लिंबाखाली बसून पाहत होतो. पाटलांच्या सुनेला एक म्हातारी म्हणाली, “बैलाले पाटलाएवढं पोट कायले काढलं वं?”

“आमच्या घरचं खाऊन बैलाले बी येते पोट,” सून म्हणाली.

“मंग सालदाराले काहून नाई येत?”

बाया हसल्या. सूनही हसली. आई आपल्या जागेवर येऊन बसली तेव्हा कोणी पाहत नव्हतं. तिने रेघेखाली एक बाई काढली. लुगड्याचा काष्टा मारलेली, पुढे वाकलेली. तिच्या शेजारी पागोट्याचा पुरुष, तोही वाकलेला, एक पाय जरा बाहेर वळलेला. त्या माणसाचा पाय खरंच तसा आहे. मला तो आधी ओळखू आला आणि मग ती. इतकं हुबेहूब आईने कधी बैल काढले नव्हते.

“हे कायचं वं?” म्हातारी म्हणाली.

“जोडी.”

“माणसाची?”

“त्याइनंच ओढलं.”

एकीने पदर तोंडाला लावला. कोणीतरी पाटलांना बोलावून आणलं, मागून काका आले. पाटील काठी टेकत भिंतीच्या अगदी जवळ गेले.

“पाटील, माणसं हायेत ते,” काका म्हणाले.

“मले दिसते.”

“भिंत बैलाची हाय.”

“नियमात बैल म्हटलं नाई. वावर ओढलं म्हटलं.” पाटील आईला म्हणाले, “खोटं त नाई काढलं तू.”

म्हणजे जागा राहिली. पाणी राहिलं. मला बरं वाटायला हवं होतं. मी पाहत होतो ते आईचा हात. मनगटापर्यंत गेरूने तांबडा झाला होता.

भिंतीला जिथे पोट आहे तिथे दर वर्षी बुडाशी भेगा पडतात. त्या बुजवायला पाटलांनी सकाळीच वस्तीत निरोप धाडला होता. ती बाई मातीचं टोपलं घेऊन आली ती त्याच वेळी. आमच्या चित्रातली बाई. बाया थोड्या मागे सरकल्या, तिने टोपलं खाली ठेवलं आणि वर पाहिलं.

पायापासून मानेपर्यंत चित्रावरून नजर नेली.

“हे आमी हावो काय, बाई?”

“हो वं. तुमीच.” आई उठून उभी राहिली. कितीतरी महिन्यांत तिच्या चेहऱ्यावर काही हललेलं मला तेव्हा दिसलं. “वेशीबाहेरच्याचं भिंतीवर आजलोक कोणी काढलं नवतं.”

“नवतं काढलं.” ती आणखी जवळ गेली. स्वतःच्या चित्राच्या मानेपाशी तिने बोट नेलं, टेकवलं नाही. “आमाले बैल काहून केलं?”

“बैल कुठं केलं? माणसंच काढली.”

“मंग जू?”

आईने भिंतीकडे पाहिलं. मला वाटतं, तिला ते तोवर दिसलंच नव्हतं. मलाही दिसलं नव्हतं. इतकी वर्षं दोरीखाली बैलच काढत आलेला हात. तिने माणसं काढली तीही दोरीखाली, आणि पाटलांच्या बैलांवरून आलेली तांबडी रेघ त्या दोघांच्या मानेवरून पुढच्या बैलांवर गेली होती.

“ते दोरीचं हाय,” आई म्हणाली. “सगळ्याइचं एकच असते.”

“सगळे बैल हायेत ना, बाई.” ती रागावलेली नव्हती. आवाज चढला नाही. “त्या दिवशी तुमचं अडलं होतं म्हून मी ओढलं. वावरात कोणी पाहाले नवतं म्हून ओढलं. उद्या सारं गाव पाहीन. माही पोरगी तोरणाच्या भाईरून पाहीन. तिले काय सांगू? आज घरोघरी बैलाचे खांदे शेकून राह्यले. माहा खांदा अजून दुखते, अन् भिंतीवर बी जू.”

काका म्हणाले, “तिलेच नको हाय त पुसून टाका. मी काय म्हणून राह्यलो होतो?”

“पुसता येत नाई,” पाटील म्हणाले. “अन् रेघ तुटली त मंग जोडी नाई. जू नाई त कायची जोडी? जोडी नाई त जागा नाई.” ते आईला म्हणाले, “पाह्य तू. राहू दे म्हटलं त राहीन. तुह्यं पाणी राहीन.” मग माझ्याकडे पाहिलं. “बोल गा. घरातला माणूस तू.”

मी रेघेकडे पाहिलं. वांग्याचे वाफे डोळ्यांसमोर आली, पुढचं वर्ष आलं, आई एकटी पाटावर उभी असलेली दिसली. त्या बाईच्या खांद्याकडे पाहिलं, तर लुगडं तिथे हळदीने पिवळं झालेलं होतं. दोन्ही गोष्टी मला सारख्याच स्पष्ट दिसत होत्या आणि माझ्या आत काहीच हलत नव्हतं. उन्हाळ्यापासून ते तसंच होतं.

“आई म्हणेल ते,” मी पुन्हा म्हणालो.

आईने हात पदराला पुसला. गेरू पदराला लागला. मग तिने त्या बाईला विचारलं, “पुसता त येत नाई. लिंपता येते काय?”

“लिंपाचं त आमचंच काम हाय.”

“मंग लिंप.”

“वैनी,” काका म्हणाले.

बाईने टोपल्यातली माती घेतली. आधी पाणी शिंपडून भिंत भिजवली, जशी त्या नेहमी भिजवतात, आणि तळहाताने माती दाबत रेघ झाकायला लागली. पुरुषाच्या मानेवरची अर्धी रेघ झाकली गेली तेव्हा पाटील म्हणाले, “पाळी गेली हो तुमची.”

“गेली,” आई म्हणाली.

बाईचा हात थांबला. “पाण्याची? यानं पाळी जाते काय? मले माईत नवतं.”

“लिंप वं,” आई म्हणाली. “अर्धं ठेवू नको.”

तिने आईकडे पाहिलं. मग उरलेली माती घेतली आणि दोघांच्या मानेवरून लिंपत गेली. या बाजूच्या बैलापासून त्या बाजूच्या बैलापर्यंत काळा ओला पट्टा झाला. त्याच्याखाली दोन माणसं वाकून चाललेली, पण आता कशाखाली नाही. काहीतरी शोधत असल्यासारखी दिसत होती. मग तिने खालच्या भेगा बुजवल्या, हात धुतले आणि गेली.

पोळ्याच्या दिवशी आभाळ भरलेलं होतं. तोरणाखाली बैल उभे राहिले, पाटलांची जोडी पहिली सुटली. काकांची दुसरी जोडी मागे उभी होती, तिच्या शिंगांना नवी बेगड लावली होती. भिंतीवरचा पट्टा अजून ओला होता, माणसं जाता-येता तिकडे पाहत होती आणि नजर काढून घेत होती. तोरणाच्या बाहेर वस्तीतली पोरं उभी होती. त्यांत एक मुलगी भिंतीकडे बोट करून दुसरीला काहीतरी सांगत होती. ती त्यांचीच मुलगी होती की नाही, मला ओळखता आलं नाही. तिचा चेहरा हसरा होता, एवढं मात्र दिसलं.

जागा कोणालाच मिळाली नाही. काकांनी मागितली, पण ज्या जागेवर रेघ तुटली ती जागा त्या वर्षी कोणाला द्यायची नाही असं पाटलांनी ठरवलं. काका आमच्याकडे यायचे थोडे दिवस थांबले, मग परत यायला लागले. पाळी आमची शेवटी गेली.

दिवाळीला मी घरी आलो तेव्हा पाट कोरडा होता. नाल्यात डबकी होती, तिथून आई घागरीने पाणी आणून वांग्यांना घालत होती. ती बाईही यायची. तिला कोणी बोलावलं नव्हतं. आपली घागर घेऊन यायची, सकाळच्या प्रहरी दोन वाफे भिजवून निंदणाला निघून जायची. नवऱ्याला दुसरीकडे साल, म्हणजे वर्षाची चाकरी, लागलं होतं. मीही घागर घेतली. आम्ही तिघं नाल्यापासून वावरापर्यंत एका पायवाटेने मागेपुढे चालत होतो. बोलणं फारसं व्हायचं नाही. निम्मी वांगी वाळली, निम्मी राहिली.

तिला तहान लागली की आई अजून वरूनच ओंजळीत पाणी ओतते. मी एकदा म्हणालो, तांब्या दे ना तिच्या हातात. आईने मान हलवली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वरूनच ओतलं. मी तांब्या पुढे केला तर त्या बाईनेच घेतला नाही. “राहू द्या भाऊ,” म्हणाली, “तुमी जासान अमरावतीले.”

भिंत पावसाने धुऊन निघाली होती. बैल गेले होते, चुना उडाला होता, कुठे एखाद्या शेपटीचा तांबूस डाग राहिला होता. पट्टा मात्र तसाच होता. तिने तो नेहमीपेक्षा जाड दिला होता की काय, कोण जाणे. त्यावर तिची बोटं उमटलेली दिसत होती. खाली दोन माणसांचे पाय पुसट राहिले होते, त्यातला एक बाहेर वळलेला. मी तिथे थोडा वेळ उभा राहिलो. ती बाई घागर घेऊन माझ्या मागून गेली, तिने भिंतीकडे पाहिलं नाही.

हे लिहितो आहे तेव्हा संक्रांत होऊन गेली आहे. परीक्षा जवळ आली आहे. संक्रांतीला दोन दिवस घरी गेलो होतो. नाल्यावर घागर भरताना आई म्हणाली,

“पुढल्या पोळ्याले गेरू देईन म्हटलं मी तिले.”

“कोण काढू देईल?”

“ते जागा आता आपली नाई, अन् तुह्या काकाची बी नाई. पाहू कोण नाई म्हणते ते.”

“ती काय म्हणाली?”

“घेईन म्हणते गेरू.”

“आणि काढणार काय?”

आईने घागर डोक्यावर घेतली. “इचारलं मी,” ती म्हणाली. “सांगत नाई.”